शेकाचा तिसरा आठवडा

तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिली धास्ती बसते ती ऑपरेशनची. पैसा कुठून उभा करायचा, दवाखान्यात सोबत कोण राहणार, जबडा काढला तर माणूस दिसेल कसा, दिवसरात्र हेच बोलणं. ऑपरेशन पार पडलं की पाहुणे येऊन भेटून जातात, ‘सुटले बुवा एकदाचे’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. खरी परीक्षा त्यानंतर दोनेक महिन्यांनी येते. रेडिएशन, म्हणजे आमच्याकडे ज्याला शेक म्हणतात, ते सुरू होऊन तिसरा आठवडा लागतो तेव्हा. त्या दिवसांत माणूस निदान झालं तेव्हापेक्षाही वाईट दिसतो. खाणं बंद, बोलणं बंद, मान काळी पडलेली. घरच्यांना वाटतं, उपचार उलटले. माझ्या पाहण्यातल्या ज्यांनी उपचार अर्ध्यावर टाकले, ते बहुतेक इथूनच परत फिरले. हे असंच होतं, सगळ्यांचंच होतं आणि याचा अर्थ उपचार लागू पडत नाहीत असा नाही, एवढं त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांतले काही टिकले असते असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमच्या घरात हे दुखणं माझ्या सासऱ्यांना झालं. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. हिंगणघाटपासून आत आमचं गाव. काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे फाईल सांभाळायचं आणि डॉक्टरांना विचारायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. उशाशी बसणं आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नेणं-आणणं ह्यांचं.

मामाजींना खर्रा लागायचा. विदर्भाबाहेरच्यांनी तो पाहिलेला नसतो. टपरीवाला कातरलेल्या सुपारीत तंबाखू आणि चुना टाकतो, पाण्याचा शिपका देतो आणि प्लास्टिकच्या पन्नीत घालून चांगलं घोटून देतो. माणूस चिमूटभर घेऊन गालात धरतो आणि तासतासभर तिथंच ठेवतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा आजही टपरीवर आपल्या डोळ्यांसमोर घोटला जातो. लोक दोष तंबाखूला देतात आणि नुसती सुपारी खाणारा स्वतःला निर्धास्त समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा चामड्यासारखी कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. मामाजींची दोन जेमतेम जायची. ज्यांचं जेवण ठेच्यावाचून होत नसे, ते फिक्कं वरण मागू लागले होते. तिखट झोंबणं आणि तोंड आवळत जाणं ही दोन्ही लक्षणं कॅन्सरच्या कितीतरी आधी येतात. त्याच वेळी खर्रा सुटला आणि तोंडाची नियमित तपासणी सुरू झाली, तर पुष्कळ काही वाचू शकतं.

पुढे गालात पांढरा चट्टा आला, चट्ट्याची जखम झाली. तालुक्याच्या एका दवाखान्यात महिनोन्महिने लावायचं जेल आणि ताकदीच्या गोळ्या चालल्या. याचा मला आजही राग येतो. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायला पाठवायचा, हा साधा नियम आहे. गावात मात्र तुकडा काढण्यालाच लोक भितात. ‘सुई लावली की पसरते’ हे मी शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. उलट त्या तुकड्याच्या रिपोर्टशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर उपचार सुरूच करत नाही. पसरतो तो वाट बघण्यात गेलेल्या महिन्यांत.

रिपोर्ट आला की सीटी स्कॅन किंवा एमआरआय होतो, मानेतल्या गाठी पाहतात, गरज वाटली तर पेट स्कॅन, म्हणजे आजार अंगात आणखी कुठं आहे का ते दाखवणारा स्कॅन, सांगतात. मग सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. ही सगळी मंडळी एका छताखाली असतील असंच ठिकाण निवडावं. आपल्याकडे नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी आहे. मुंबईला टाटाला जावंच लागलं, तर राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विचारावी. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या बाबांच्या नावाची ही धर्मशाळा टाटात येणाऱ्या पेशंटांचा मोठा आधार आहे. आपल्या माणसांनी तिथं बुजू नये.

आजार लहान असेल तर सहसा एकाच उपचारावर भागतं. वाढलेला असेल तर दोन किंवा तिन्ही लागतात. तोंडाच्या आतल्या कॅन्सरला, म्हणजे गाल, जीभ, हिरडी यांना, बहुधा आधी ऑपरेशन करतात. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये चाकू न लावता शेक आणि केमोवर भर देतात, कारण आवाज आणि गिळणं राखायचं असतं. त्यामुळे शेजारच्या गावातल्या अमक्याला ऑपरेशनच केलं नाही, मग आपल्यालाच का, ही तुलना करू नये. आमच्या घरी ती रोज व्हायची.

दुसरा प्रश्न मानेचा. मामाजींच्या मानेला हाताला लागेल अशी गाठ नव्हती, तरी डॉक्टर मानेतल्या गाठीही काढणार म्हणाले. ‘जिथं काई नाई तिथं काऊन चिरता?’ मामाजींनी तोंडावर विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० पेशंटांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. मान हाताला सगळ्यांचीच चांगली लागत होती. काहींची तशीच सोडून दिली होती, काहींच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढून मान साफ केली होती. तीन वर्षांनी मान साफ केलेल्यांतले ८० टक्के हयात होते, सोडलेल्यांतले ६७.५ टक्के. जगभरच्या डॉक्टरांनी हा अभ्यास मानला. गाठ हाताला लागत नाही म्हणजे ती नाहीच असं नसतं, इतकं मामाजींना पटलं आणि त्यांनी सही केली.

पैशाचं थोडक्यात सांगते. २०१२ मध्ये गडचिरोली, अमरावतीसह काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने जी योजना सुरू झाली, तिला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. ऑपरेशन, शेक, केमो या योजनेत बसतात. दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल शोधावा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते निदानाच्या आठवड्यातच दुरुस्त करायला टाकावं, कारण मंजुरी तिथंच अडते. रेल्वेत आजाऱ्याला आणि सोबतच्या एकाला सवलत असते, तिचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून मिळतो. योजनेत न बसणारा खर्च म्हणजे येणं-जाणं, खोलीचं भाडं, दूध-अंडी आणि बुडालेली मजुरी. आमच्यासारख्या पगार येणाऱ्या घरालाही तो जाणवला. कोरडवाहू तीन एकरवाल्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस बघायला कठीण असतात. चेहरा सुजून डबल होतो, मानेतून निचऱ्याच्या नळ्या, नाकातून पोटात जाणारी नळी आणि काहींच्या गळ्याला श्वासासाठी भोक. गळ्याचं ते भोक बहुतेकांचं तात्पुरतं असतं. ते असेपर्यंत आवाज निघत नाही, म्हणून मी पाटी-पेन्सिल नेली होती. मामाजींनी त्यावर पहिल्यांदा लिहिलं ते ‘मोटार बंद केली का’. काढलेल्या गालाच्या जागी मांस लावतात, कुणाला छातीचं, कुणाला हाताचं, आणि हाड गेलं असेल तर पायाच्या पिंडरीतलं हाड बसवतात. मामाजींना छातीचं लावलं. थोड्या दिवसांनी त्यांच्या गालाच्या आत केस दिसू लागले आणि आत्याबाई हादरल्याच. घाबरण्यासारखं काही नव्हतं. छातीची कातडी आहे, ती आपल्या धर्माप्रमाणे केस उगवते. शेक सुरू झाल्यावर सहसा ते झडून जातात.

खांद्याचं मात्र कुणी आपण होऊन सांगत नाही. मान साफ करताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो आणि हात वर जात नाही. भिंतीला तोंड करून बोटांनी भिंतीवर वर चढत जायचं, रोज, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे. शेतकऱ्याचा खांदा गेला तर त्याचं अर्धं शेत गेलं. हा व्यायाम कंटाळा आला म्हणून सोडू नये.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कडा साफ आहेत का, मानेतल्या किती गाठींत आजार आहे, तो गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय का, हे त्यात असतं. शेक लागेल की नाही आणि सोबत केमो लागेल का, ते यावर ठरतं. कडेला आजार राहिला असेल किंवा गाठीबाहेर आला असेल, तर शेकासोबत केमो जोडतात. लागणार असेल तर शेक ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू झाला पाहिजे. आपल्याकडे नेमका इथं वेळ जातो. ‘जरा अंगात ताकद येऊ द्या’, ‘कापूस घरात येऊ द्या’, ‘पोरीचं लग्न पार पडू द्या’. तारीख हलवायचीच असेल तर लग्नाची हलवा.

शेकाच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाणं आलं. किडलेले, हलणारे दात आधीच काढून जखम भरू द्यायची असते. शेक घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथला दात नंतर काढला तर जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. ही काळजी जन्मभराची आहे. दहा वर्षांनी दात दुखला तरी काढण्याआधी शेकाच्या डॉक्टरांना विचारायचं.

मग मास्क. टेबलावर आडवं निजवतात, गरम पाण्यातून जाळीदार प्लास्टिकचा तक्ता काढतात आणि ओल्या कापडासारखा चेहऱ्यावर ओढून खांद्यापर्यंत दाबतात. कोमट लागतो. काही मिनिटांत तो चेहऱ्याच्या आकारात घट्ट होतो. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं त्यात उमटतं. हाच मास्क रोज चेहऱ्यावर घालून टेबलाला अडकवतात, म्हणजे मान केसभरही हलत नाही आणि किरणं रोज नेमक्या त्याच जागी पडतात. श्वास घेता येतो, पण मान हलवता येत नाही याचीच धडकी भरते. खोलीत आपण एकटे असतो. बाहेरून कॅमेऱ्यावर सतत लक्ष असतं, हात वर केला की मशीन थांबवून माणूस आत येतो. हे मामाजींना आधी समजावलं होतं, तरी पहिल्या दिवशी ते घामाने चिंब होऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून ते आत जाऊन मनात हरिपाठ म्हणू लागले. त्यांचं म्हणणं, हरिपाठ अर्ध्यावर येतो तोवर मशीन थांबते.

मशीनमध्ये दुखत नाही, भाजत नाही, काही जाणवतही नाही. आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते साडेसहा आठवडे, एकूण तीस ते तेहतीस वेळा. घरी आलेल्या माणसाच्या अंगात कसलेही किरण राहिलेले नसतात. नातवाला मांडीवर घेता येतं, एका ताटात जेवता येतं. कॅन्सर लागणारा आजार नाही. आमच्या गल्लीत मामाजींचा चहाचा कप वेगळा ठेवणारं घर होतं. त्या घरी आत्याबाईंनी जाणंच बंद केलं, आणि बरं केलं.

‘रोज रोज काऊन जा लागते? एकदाच काय ते देऊन टाका म्हणा,’ मामाजी पहिल्या आठवड्यात म्हणाले. शेकाच्या खोलीतला तंत्रज्ञ सेलू तालुक्यातला, शेतकऱ्याचाच पोरगा. त्याने सांगितलं, ‘बाबाजी, कपाशीचं सारं पाणी तुम्ही एकाच दिवशी सोडता का? झाड सडून जाईन ना.’ रोज थोडा थोडा डोस दिला की मधल्या वेळेत चांगल्या पेशी स्वतःला दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं जमत नाही. सगळं गणित त्यावर आहे आणि म्हणूनच खाडा चालत नाही. शेक चालू असताना मध्ये दिवस पडले की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी उलट वेगाने वाढायला लागतात. वाया गेलेल्या एकेका दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटते असा डॉक्टरांचा अंदाज आहे. मशीनच बंद पडली तर काय करायचं ते डॉक्टर बघतात. आपण तेरवी आहे, बाजार आहे, एसटी चुकली म्हणून राहायचं नाही.

पहिला आठवडा इतका सोपा जातो की घरच्यांना वाटतं, लोक उगाच भिववतात. दुसऱ्या आठवड्यात चव जाते. गोड, खारट सगळं मातीसारखं. लाळ घट्ट होऊन तारा धरते. तिसरा लागतो आणि तोंडाची आतली साल निघते. गालात, जिभेवर, घशात पांढरे-लाल व्रण. थुंकी गिळायचीसुद्धा भीती. बाहेर मान तांबडी होऊन काळी पडते, पुढे काहींची कातडी सोलते. सोबत केमोचं सिस्प्लाटिन असेल तर मळमळ असते, किडनीवर भार असतो, म्हणून भरपूर सलाईन आणि दर वेळी रक्त तपासणी. कानात आवाज यायला लागला, ऐकू कमी आलं, तर लगेच सांगायचं.

याच आठवड्यात एका संध्याकाळी मामाजी उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, ‘बाई, आता मले नेऊ नका. त्या शेकानंच मी मरतो.’ आत्याबाई रडायला लागल्या. ह्यांचाही धीर सुटत चालला होता. मी दवाखान्यात आधीच विचारून ठेवलं होतं म्हणून मला बोलता आलं. मामाजींना म्हटलं, तोंडाच्या पेशी फार लवकर नव्या होतात म्हणून त्या आधी भाजतात. शेक संपला की त्याच आधी भरून येतील. त्रास आणखी वाढेल, शेक संपल्यावरही दोन आठवडे वाढलेलाच राहील आणि मग उतरेल. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली नाही. सकाळी मात्र गाडीत जाऊन बसले.

इथून पुढचा उपचार मशीनपेक्षा स्वयंपाकघरात जास्त होतो. वजन भराभर उतरलं तर मास्क सैल पडतो, कधी सगळं नियोजन नव्याने करावं लागतं, माणूस खाडे करायला लागतो. म्हणून दर आठवड्याला वजन करायचं. डाळीचं पाणी, तांदळाची पेज, यांनी पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही. मी दुधात शेंगदाण्याचं कूट मऊ वाटून घालायची, त्यात केळं. ज्वारीची आंबील ताकाऐवजी दुधात, कारण आंबट झोंबतं. अंडं उकडून, दाट वरणात वाटून. मऊ भातावर दोन चमचे तूप. तिखट, लिंबू, टमाटे, फार गरम काही नाही. जेवणाआधी डॉक्टरांनी दिलेलं सुन्न करणारं औषध तोंडात धरायचं. दुखणं गोळीने थांबत नसेल तर ते मॉर्फिन देतात. मॉर्फिन म्हणजे शेवटच्या दिवसांचं औषध, हा समज चुकीचा आहे. ते दुखण्यासाठी असतं. दुखणं थांबलं की माणूस गिळतो, गिळला की टिकतो. त्याने पोट मात्र बांधतं, म्हणून सोबत पोट साफ करणारी गोळीही लागते.

गुळण्यांचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. दर दोन तासांनी, रात्री जाग आली तरीसुद्धा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नाही, हळद-तुरटीचे घरगुती प्रयोग नाहीत. मानेवर तेल, साबण, पावडर, झंडू-बाम काहीही नाही, दाढीला वस्तरा नाही. मामाजींच्या खांद्यावरचा जाडाभरडा दुपट्टा काढून जुन्या धोतराचा मऊ तुकडा दिला.

इतकं करूनही कधी कधी खाणं जात नाही. मग नाकातून पोटात पुन्हा नळी टाकतात, किंवा पोटाला भोक पाडून थेट नळी बसवतात. गावात नाकात नळी दिसली की लोक माणूस गेल्यात जमा करतात. बाया येऊन आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडून गेल्या. नळीचं काम एवढंच की तोंड भाजलेलं असताना पोटाला अन्न मिळावं. भरवायचं तेव्हा माणसाला नीट बसतं करायचं. नळी जागेवर आहे ना ते नर्सने शिकवल्याप्रमाणे पाहायचं. पातळ केलेलं, गाळलेलं, कोमट अन्न पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये ओतायचं, सिरिंज वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्या जोराने दाबायचा नाही. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी आत्याबाईंचा हात थरथरत होता. आठवडाभरात त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला शिकवत होत्या. एक मात्र सांभाळायचं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर नळी असतानाही दिवसातून चार-सहा वेळा घोटभर पाणी तोंडाने गिळत राहायचं. गिळणं थांबवलेला घसा पुन्हा गिळायला लवकर शिकत नाही.

शेक संपल्यावर महिना-दीड महिन्यात व्रण भरतात. चव यायला काही महिने जातात. लाळ पूर्वीसारखी बहुधा येतच नाही. त्यात आमचा उन्हाळा, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. मामाजींच्या हाताशी पाण्याची बाटली कायमची आली, रात्रीसुद्धा. भाकर आता नुसती खाता येत नाही, वरणात कुस्करावी लागते. लाळ नाही म्हणून दात लवकर किडतात. दोन वेळा मऊ ब्रश आणि डॉक्टर देतील ते फ्लोराइड. थकवा पुष्कळ दिवस राहतो. तो वाढतच गेला, थंडी सोसेनाशी झाली, तर थायरॉइड तपासावं. मानेला शेक बसलेल्यांत ती ग्रंथी मंदावते, कधी कधी काही वर्षांनी. सहा ते बारा महिन्यांतून एक साधी रक्त तपासणी आणि कमी निघालं तर रोजची एक गोळी.

तोंड उघडण्याचा व्यायाम हा शेवटपर्यंतचा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये घालायच्या, थोडा वेळ धरायच्या, काही दिवसांनी आणखी एक सरकवायची. दाढांवर ताण येतो, डोळ्यांत पाणी येतं. तोंड पस्तीस मिलिमीटरच्या खाली राहिलं तर खाणं, दात घासणं, तपासणी सगळंच अडतं. मामाजी हा व्यायाम बाजेवर बसून, रेडिओ लावून करतात. काड्यांचा हिशोब शाळेतून आलेला नातू ठेवतो आणि चुकवलं तर आजोबांना रागावतो.

सगळे बरे होत नाहीत. हेही लिहिलंच पाहिजे. आमच्यासोबत रांगेत बसणाऱ्या एका माणसाचा आजार शेक संपून वर्षाच्या आत परतला, आणि त्यांच्या घरच्यांनी सगळं नीट केलेलं होतं. तेव्हाही दवाखान्यात करण्यासारखं पुष्कळ असतं. दुखणं उतरवता येतं, जखमेची दुर्गंधी कमी करता येते, आजार काही काळ धरून ठेवणारी औषधं देता येतात. ‘आता घरी घेऊन जा’ एवढ्यावर कुणी बोळवण केली तर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारा विभाग कुठं आहे ते विचारा, आणि मिळेपर्यंत विचारत राहा.

उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून त्या काळात तपासण्या जवळजवळ असतात. पहिल्या वर्षी तर एक ते तीन महिन्यांनी. पुढे अंतर वाढत जातं आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. ज्या तोंडात एकदा तंबाखू-सुपारीने कॅन्सर केला त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवा होऊ शकतो, म्हणून हे कधीच पूर्ण थांबत नाही. खर्रा चालू राहिला तर शेकाचा परिणामही कमी होतो. मामाजींचा सुटला, पण त्यांच्या दोन्ही पुतण्यांचा अजून नाही. त्यांना मी सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ लिहून दिली आहे. फोन फुकट आहे. एकाने लावला.

यंदाची तपासणीची तारीख नेमकी सोयाबीन काढणीत आली. मळणीयंत्र मिळालं होतं, मजूर ठरले होते. ‘तारीख बदलून मिळत असन तर पाह्य ना बाई,’ मामाजी म्हणाले. मी फोन लावला. पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या, आठ दिवस अलीकडे या, पलीकडे नको. आम्ही अलीकडची घेतली.